टिटवीच्या घरट्याजवळची पाटी

तुमच्या दारापासून शंभर पावलांच्या आत राहणारे किती पक्षी तुम्हाला नावानं ओळखता येतात? कावळा, चिमणी आणि कबुतर सोडून सांगा.

मी स्वतःला हे विचारलं तेव्हा उत्तर दोन आलं, आणि मी तेव्हा पगारी शिक्षिका होते. मी वाढले कुपवाडला. वडील तिथल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि सुटीच्या दिवशी कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायचे. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढिगानं. पहिलीत असताना मला पत्रकाची घडी दुकानदाराच्या पुडीसारखी सफाईनं घालता यायची. त्या घरात एक गोष्ट माझ्या अंगात मुरली. काही चुकत असेल तर ते स्वच्छ शब्दांत लिहायचं आणि चारचौघांना दिसेल असं लावायचं.

नोकरी लागली ती सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, ऊस संपून माळ सुरू होतो तिथं. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. निम्मी मुलं मेंढपाळांच्या घरची. आईबाप मेंढरं घेऊन नदीकाठच्या उसाच्या मुलखात उतरलेले आणि मुलं आजी-आजोबांजवळ. बाकीची शेतकऱ्यांची, ज्यांच्या प्रत्येक घरातून एक तरी माणूस फौजेत गेलेला.

पक्ष्यांचा पाठ आला तेव्हा मी भिंतीवर तक्ता लावला. शाळेला मिळालेलाच होता. त्यात मोर, पोपट, राजहंस, शहामृग आणि खालच्या कोपऱ्यात पेंग्विन. आपल्या गावात कोणते पक्षी आहेत, असं मी विचारलं. सगळी तक्त्याकडंच बघत राहिली. बऱ्याच वेळानं एकानं "पेंग्विन" म्हणून पाहिलं आणि वर्ग हसला. बाहेर मैदानात टिटवी कोकलत होती. मी विचारलं, हे कोण ओरडतंय? तिसरीतली एक मुलगी, मेंढपाळांचीच, लगेच म्हणाली, "टिटवी हाय की, बाई." मग ती पक्षी नाही का? तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"ह्याच्यात न्हाई," ती म्हणाली.

मी चिडले. तिच्यावर नाही. ज्या माळावर टँकरची वाट बघत माणसं बसतात, तिथल्या लेकराला बर्फावरचा पक्षी पक्षी वाटतो आणि अंगणातला वाटत नाही, ही सोय कुणीतरी केलेली असते. त्याचा राग मला आजही आहे. तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला आणि मुलांना सांगितलं की तक्त्यात नसलेले सगळे सांगा. मग मात्र फळा पुरेना. होला, सातभाई, चंडोल, वेडा राघू, पखुर्डी. खाटीक नावाचा पक्षी टोळ पकडून बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो, हे मला चौथीतल्या पोरांनी शिकवलं. मी नुसती खडू धरून उभी होते, आणि नोकरी लागल्यापासून इतकी खूश कधी झाले नव्हते.

शाळा सुटल्यावर त्या तिसरीतल्या मुलीनं मला मैदानात नेलं. झेंड्याच्या खांबापासून थोडं पुढं गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं, मला थांबवलं आणि हनुवटीनं खाली दाखवलं. मला काहीच दिसेना. मग दिसली. चार अंडी, मुरुमाच्या रंगाची, चार खड्यांच्या मधे. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर माझ्या चपलेखाली गेली असती. बोट का दाखवत नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणाली की अंड्याकडं बोट करायचं नसतं. मी ते हसण्यावारी नेलं. अंधश्रद्धेच्या विरोधातली पत्रकंही मी लहानपणी वाटली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाटी केली. "येथे टिटवीचे घरटे आहे. कृपया त्रास देऊ नये. पक्षी वाचवा." अक्षर ठळक, लांबून वाचता येईल असं. मुलांकडून दगडांना चुना लावून घेतला आणि घरट्याभोवती गोल रचला. फार समाधान वाटलं.

मग गाव आलं. पारावरची माणसं आली, दुधाला निघालेली आली, दुचाकीवरून जाणारी पोरं पाटी वाचून थांबली. एकानं फोटो काढून ग्रुपवर टाकला, तर शेजारच्या वाडीतूनही माणसं आली. कुणीही त्रास दिला नाही. सगळे फक्त बघायचे आणि माझं कौतुक करायचे. टिटवी तेवढा वेळ वर घिरट्या घालत ओरडायची आणि खाली अंडी एप्रिलच्या उन्हात उघडी. शाळेच्या पत्र्यावर बसलेले कावळेही हे सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी अंडी तीन होती.

ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली. रडली नाही, तक्रारीचा सूरही नव्हता.

"बाई, तुमी लिवलं म्हून समद्यास्नी कळलं. आमी कुनाला सांगत न्हाई."

मग तिनं सांगितलं की माळावर मेंढरांच्या पुढं घरटं आलं की तिचा आजा कळप वळवतो आणि मुकाट पुढं जातो. मागच्या कळपवाल्यालाही सांगत नाही, त्यालाही डोळे आहेत म्हणतो. बोट केलं की दुसरा बघणार, दुसऱ्यानं बघितलं की तिसरा. मी ज्याला अंधश्रद्धा म्हणून हसले होते त्याच्या पोटात एवढं साधं शहाणपण होतं.

लावलेली पाटी मी आयुष्यात कधी स्वतः काढली नव्हती. आम्ही लावलेलं काढायचं काम मालकाच्या बाजूची माणसं करायची. पण काढली. चुन्याचे दगड मुलांनी नेऊन बांधावर टाकले. त्या मुलीनं घरून फुटक्या काठाचं घमेलं आणलं आणि कडुनिंबाखाली पाणी भरून ठेवलं. टिटवी पोट भिजवून येते आणि तशीच ओली अंड्यांवर बसते, असं ती म्हणाली. मला खरं वाटलं नाही. सकाळची शाळा होती. अकराच्या सुमारास आम्ही सगळे खिडकीशी गप बसलो. टिटवी आली, घमेल्यात उतरली, पोट भिजवलं आणि ठिबकत परत जाऊन बसली. त्यानंतर आमचा पक्ष्यांचा तास रोज खिडकीत व्हायचा.

एवढ्यात सुभेदार आले. शाळा समितीचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त, गावाचे आबा. एक मेच्या झेंडावंदनाला मैदान सपाट करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. मुरूम येऊन पडला होता आणि रोलर वीस तारखेला ठरला होता. मी अर्ज लिहिला, सात मुद्द्यांचा. ते उभ्यानंच वाचून म्हणाले, "मॅडम, कागुद झ्याक लिवलाय. पर अंड्यासाटी ग्राउंड थांबत न्हाई."

माझ्याकडं आठवा मुद्दा नव्हता. ती मुलगी दारातच होती. म्हणाली, "आबा, तुमी या की बघाय. पर खिडकीतनं."

ते आले, बहुधा तिचं मन मोडू नये म्हणून. उन्हात टिटवी चोच उघडी टाकून बसली होती. थोड्या वेळानं तिचा जोडीदार आला, ती उठली, तो बसला. सुभेदार पुढं वाकले.

"ड्युटी बदलली व्हय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"व्हय. दिसातनं लय येळा बदलत्यात," मुलगी म्हणाली.

अंडी कधी घातली, असं त्यांनी विचारलं. पाडव्याला चारी झाली होती, आणि आजी म्हणते फुटायला महिना लागतो, असं तिनं सांगितलं. ते बोटांवर मोजत राहिले. मग म्हणाले की रोलर तीस तारखेला येईल, त्याच्या पुढं एक दिवस नाही. तीसला नाही फुटली तर, असं तिनं विचारलंच. "तवाचं तवा बघू. एवढी घाई फौजेत बी नसती," असं म्हणून ते निघाले.

ते दिवस आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात मोजले. तीस तारखेला सकाळी मी सातच्या आधी पोचले, तर घरटं रिकामं होतं. कवचाचा तुकडाही नाही. कुत्रं आलं असणार, असं माझ्या मनात आलं. मुलगी आली, रिकाम्या घरट्याकडं तिनं फारसं पाहिलंही नाही. कान देऊन उभी राहिली. टिटवी उत्तरेकडच्या बांधाजवळ ओरडत होती.

"कुनी हालू नका," ती म्हणाली.

बराच वेळ बघितल्यावर मुरुमाच्या ढिगाशेजारचा एक खडा दोन पायांवर उठला आणि तुरुतुरु चालला. मग दुसरा. तिसरा झेंड्याच्या खांबापाशीच दबून बसला होता. पिल्लं बाहेर पडली होती, पण मैदानातच होती, आणि फाटकात रोलर येऊन उभा होता.

सुभेदार रोलरबरोबरच आले होते. त्यांनी पिल्लं पाहिली. काठी घेतली आणि रोलरच्या पुढं चालू लागले. वाकून, पाऊल टाकायच्या आधी जमीन बघत. दोन्ही बाजूंना मुलांची रांग. टिटवी त्यांच्या टोपीवर झेपा घेत होती. रोलरवाला वैतागला. त्याला पुढं दुसऱ्या गावाला जायचं होतं.

"आवं आबा, रोलर हाय का वरात?"

"वरातच समज. गप चालव."

पिल्लं थांबली की ते थांबत, पिल्लं चालली की ते चालत. दहाच्या सुमारास तिसरं पिल्लू बांध चढून पलीकडच्या पडीक रानात उतरलं. सुभेदार सरळ झाले, कंबरेवर हात ठेवून मुलीला म्हणाले, "जा, आता पानी पाज मला." ती हसत पळाली.

या गावाचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. आणि तुम्हाला एक विनंती आहे. माळावर, मैदानात, रानात कुठंही टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली, तर जिथं असाल तिथं थांबा. घरटं शोधू नका, फोटो काढू नका. पायाखालची जमीन बघत आल्या पावली मागं फिरा आणि ती जागा कुणाला सांगू नका.