भंडारा लावलेला फोटो

“हे वारं न्हाई, दुखणं हाय,” असं तो उभ्याउभ्याच सांगून टाकायचा आणि मग दवाखान्याच्या बाकावर बसायचा. बसायचा म्हणजे काय, हात एकीकडे, खांदा दुसरीकडे आणि मान मध्येच झटका खाऊन दाराकडे.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तो पासलीच्या वरच्या वस्तीवर शेळ्या-गुरं राखायचा. मला ‘डाक्टर’ म्हणायचा आणि डॉक्टरांना ‘मोठं डाक्टर’. मी दुरुस्त करायचं कधीच सोडून दिलं होतं.

त्याच्या बापालाही असंच व्हायचं. त्यामुळे ह्यांच्या अंगात देव येतो, देवाचं वारं येतं, असं वस्तीनं ठरवूनच टाकलं होतं. लोक त्याच्यापुढे भंडारा ठेवून हरवलेल्या म्हशीचा पत्ता विचारायचे. तो वैतागून म्हणायचा, “म्हस मला इचारून गेली व्हय?” त्यातही त्यांना कौल दिसायचा. अशा लोकांपुढे तुम्ही-आम्ही काय बोलणार?

त्याला घोर एकच होता. मुलगी लग्नाची झाली होती. हे तिच्यात उतरेल का, एवढं कोणीतरी नीट सांगावं, म्हणून तो पुण्याला यायला तयार झाला. मीच एस.टी.नं घेऊन गेलो. त्याच्या झटक्यांना भिऊन शेजारचे उठून उभे राहिले, आम्हाला ऐसपैस जागा मिळाली.

तिथल्या मोठ्या इस्पितळात पाठीच्या मणक्यातून हवा सोडून डोक्याचे एक्स-रे काढत. फार वाईट प्रकार तो. आधी औषध देऊन त्याला झोपवलं. इतक्या वर्षांत त्याचा चेहरा स्थिर असा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. देखणा होता हो.

दोन दिवस तो डोकं धरून ओकत होता. मग तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला. मेंदूच्या आतली हवेची काळी जागा हवी त्याहून मोठी दिसत होती. मेंदू झिजत चालला होता.

“आन् पोरीचं?”

“होईल किंवा होणारही नाही. आज सांगता येत नाही. सुरू झाल्यावर फोटोत दिसेल.”

“सुरू झाल्यावर मला बी दिसंल की,” तो म्हणाला. परतीच्या एस.टी.त नसरापूर येईपर्यंत त्यानं डोळे मिटून घेतले होते. मीही थकलो होतो.

फोटो मात्र त्यानं मागून आणला होता. हा दाखवला की लोकांना पटेल, असा हिशेब. वस्तीनं तो देव्हाऱ्यात ठेवून त्यावर भंडारा वाहिला. “आता फोटूच्या बी पाया पडत्यात,” तो म्हणाला. आम्ही दोघंही हसलो, दुसरं काय करणार?

सोयरीक आली की तो पाहुण्यांना आधीच दुखणं सांगायचा. पाहुणे चहा पिऊन निघून जायचे. वस्ती म्हणायची, देवाचं आहे म्हण, लोक हौसेनं पोरगी करतील. त्यानं ऐकलं नाही. मुलगी घरीच राहिली.

पुढे तो गेला. शेवटी घास उतरत नव्हता म्हणे. मी भेटायला गेलो नाही. डोंगर चढायचा कंटाळा केला, खरं सांगतो. ते अजून मनाला लागतं.

काही वर्षांनी, बाजारच्या दिवशी, त्याची मुलगी दवाखान्यात आली. काखेत तोच फोटो, कडेला पिवळा झालेला. उजवा हात तिनं डाव्या हातानं घट्ट धरला होता, तरी बोटं उडत होती.

मी म्हटलं, “बस, बाई.”

ती बसली नाही. “हे वारं न्हाई, डाक्टर,” ती म्हणाली, “दुखणं हाय.”

मग बसली.