ओझेलाचा सूर

सिनसिनाटीच्या एका लॉन्ड्रीत ओझेला प्रुइट सहा दिवस लोकांच्या शर्टांना इस्त्री करी आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये गाई. आई गेल्यापासून तिला आपलं म्हणावं असं ते चर्चच उरलं होतं. ते आज हातचं जातं की काय, अशी तिला धास्ती होती.

हिवाळ्यात गल्लीतल्या बँडवाल्यांनी तिला स्टुडिओत नेलं होतं. "ताई, मागून जरा सूर धर, बस," म्हणाले. गाणं कसलं, नवरा कामावर गेल्यावर येणाऱ्या पाहुण्याचं कौतुक! रेडिओनं त्यावर बंदी घातली आणि गावानं ते डोक्यावर घेतलं. बंदीइतकी फुकटची जाहिरात दुसरी नाही. तबकडीवर ओझेलाचं नाव नव्हतं, पण सूर होता. ओळ संपताना वर चढून मध्येच तुटणारा तो सूर तिच्या आईचा. आईनं तो याच चर्चमध्ये तिच्या गळ्यात उतरवला होता.

आज भर प्रार्थनेत चर्चचे पाळक रेव्हरंड टॉलिव्हर यांनी ती तबकडी उंच धरली. "ही घाण गाणारी बाई आपल्यातलीच आहे, असं कानावर आलंय. तिनं पुढं येऊन सर्वांसमोर क्षमा मागावी. नाहीतर सभासदांच्या यादीतून नाव कापीन."

कोणी पुढं आलं नाही. हातातले पंखे थांबले.

"बरं तर. सिस्टर ओझेला, तुम्ही गा."

त्यांना ठाऊक होतं, हे तिला कळून चुकलं. आई गायची त्या स्तोत्राचं पहिलं कडवं तिनं सरळ, सपाट गायलं. तो सूर गिळून टाकला.

पुढच्या बाकावर पांढऱ्या कपड्यांत मदर लुव्हीनिया बसल्या होत्या. वय ब्याऐंशी; चर्चमधल्या सगळ्यांत थोरल्या, म्हणून सगळे त्यांना मदर म्हणत. त्यांच्या धाकानं बायका दारातच लिपस्टिक पुसत. त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आईचं गाणं चोरासारखं काय गातेस गं?"

ओझेलाला स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या कडव्याला तिनं तो सूर मोकळा सोडला. तो चढला, तुटला, आणि ज्यांनी ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकून तो ऐकला होता त्या सगळ्यांनी माना खाली घातल्या.

रेव्हरंडांनी यादी उघडली, पेन काढलं.

मदर लुव्हीनिया काठी टेकत उठल्या. "हिच्या आईला तो सूर मी शिकवला. आणि मी तो जॉर्जियातल्या दारूच्या गुत्त्यात शिकले, नाचता नाचता. यादीत पहिलं नाव माझं आहे, रेव्हरंड. तिथून सुरुवात करा."