टेकडीवरचा आरसा

गावाने ‘हवेवाला’ हे नाव ठेवलं, तेव्हा तो रागावला नाही, छाती फुगवून फिरला. इंटरनेटची तार गावापर्यंत आली नव्हती, मोबाइलचा टॉवर डोंगराआड राहिला होता. मग त्याने पाण्याच्या टाकीवर खांब रोवला, शहरातल्या कंपनीकडून स्वतःच्या घरासाठी इंटरनेट घेतलं आणि छपराछपरावर पांढऱ्या थाळ्या बसवून ते हवेतून शेजाऱ्यांनाही दिलं. समोरच्या टेकडीवर त्याची थोरली बहीण एकटी राहायची. दम्याची बाई. तिची थाळी त्याने सगळ्यात आधी बसवली. तेव्हा दोघांनी एक खूण ठरवली होती: नेट गेलं, की ताईने आरसा चमकवायचा.

परवाना लागतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. खालच्या वस्तीत एकाने असाच उभारलेला खांब सरकारी तपासनीस कापून घेऊन गेला, तेव्हा कळलं.

“थाळ्यांची तोंडं फिरवा,” शेजारची शिंपीण म्हणाली. “एकमेकांकडे बघतच नाहीत म्हटल्यावर नातं कोण लावणार?”

सकाळपासून सगळं गाव रुसलेल्या जावांसारखं पाठ करून उभं होतं. ताईची थाळी तेवढी राहिली. गुडघ्यांमुळे ती छपरावर चढू शकत नव्हती. आणि इतक्या लांबचं कोण बघतंय, असं हवेवाल्याला वाटलं.

तपासनीस ऊन चढल्यावर आला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. टाकीवर उभा राहून नखाने खांब वाजवत राहिला.

“घरात वापरता तोवर तुम्ही गिऱ्हाईक,” तो म्हणाला. “तुमच्याकडून हवेतून दुसऱ्याच्या छपरावर गेलं, की पुरवठादार. फुकट दिलंत तरीही.”

“माझ्या चुलीचा धूर ह्या हवेवाल्याच्या घरात जातो,” शिंपिणीचा नवरा खालून म्हणाला. “मी धुराचा पुरवठादार का?”

तपासनीसाने दुर्बीण काढली. छपरं पाहता पाहता ती टेकडीवर थांबली.

“ती एकच थाळी इकडे का बघते?”

“बहिणीची आहे. जुनी. बंद पडलेली.” हे शब्द आपल्याच तोंडून गेले, याचं हवेवाल्याला नवल वाटलं.

“मग खांब बंद केल्याने तिचं काही अडणार नाही. करा बंद. माझं बघून होईपर्यंत बंदच राहू दे.”

त्याने बटण दाबलं. खांबावरचा हिरवा दिवा विझला. तपासनीस जिन्यावर बसून जोडण्या तपासू लागला, सावकाश, जणू सगळं आयुष्य त्यासाठीच ठेवलेलं.

मग टेकडीवर चमकलं. एकदा. पुन्हा. ताईचा हात नेहमी थरथरायचा, म्हणून तिचा उजेडही थरथरायचा. आज तो फार घाईत थरथरत होता.

“काय चमकतंय?” तपासनीसाने विचारलं.

“काच असेल कसली तरी.”

शिंपीण हवेवाल्याकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर खांब जाणार होता, त्याच्याबरोबर साऱ्या गावाचं नेट आणि ताईला नेटवरून तपासणारा डॉक्टरही. अजून थोडं थांबू, साहेब उठतीलच, असं हवेवाला मनाशी घोकत होता.

आणि मग उजेड थरथरायचा थांबला. विझला नाही. एकाच जागी पडून राहिला, स्वच्छ, निश्चल. हातात धरलेला आरसा असा कधी चमकत नाही.

हवेवाल्याने बटण पुन्हा दाबलं.

“मी पुरवतो,” तो म्हणाला. “तिलाही, या सगळ्यांनाही. खांब न्यायचा तर न्या, पण आधी मला ताईला फोन लावू द्या.”

तपासनीसाने हातातली तार खाली ठेवली. शिंपिणीचा नवरा टेकडीच्या वाटेला लागला होता, पळत. हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. पलीकडे घंटा वाजू लागली, सुस्पष्ट, अगदी शेजारच्या खोलीत वाजावी तशी. वाजत राहिली.