पाण्याला कुलूप

माझ्या सासूबाईंना कुणी ‘बिचाऱ्या’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. कसल्या बिचाऱ्या? सासरे अचानक गेले, नातेवाइकांनी हात वर केले, तेव्हा या बाईने चौकात इस्त्रीचं दुकान टाकलं आणि दोन मुलांना शिकवून मार्गी लावलं. एकदा एका गिऱ्हाईकाने ‘कॉलरला चुणी राहिली’ म्हणून आवाज चढवला, तर ‘चुणी कॉलरला नाही, तुमच्या मानेला आहे’ असं त्याला चारचौघांत ऐकवलं होतं. तो माणूस पुढे कायमचा गिऱ्हाईक झाला.

इस्त्री तापली की नाही, हे आई ओल्या बोटाने बघायच्या. बोट टेकवायचं, चर्र झालं की कपडा घ्यायचा. जन्मभर हेच केल्यावर बोटांचं काय होणार? टोकं कडक आणि गुळगुळीत झाली. गरम पातेलं त्या अजूनही चिमट्याशिवाय उतरवतात आणि मी ओरडले की हसतात. दुसरी सवय पाण्याची. वाफेत उभं राहून राहून त्यांना सतत पाणी लागायचं. दुकान बंद झालं, गुडघे गेले, पण ती तहान काही गेली नाही.

आमच्या नळाला पिवळसर, गंजाच्या वासाचं पाणी येतं. ते प्यायची कुणाची छाती होत नाही. त्यामुळे ओट्यावर स्टीलचा दोन मजली फिल्टर होता, आत पांढऱ्या कँडल असलेला. आई स्वतः त्या कँडल ब्रशने घासायच्या. पाणी थेंब थेंब गळायचं, पण आमच्या घराला पुरायचं. मग माझ्या नवऱ्याच्या आणि माझ्या दिरांच्या डोक्यात आलं, की घरात एक चांगलं मशीन हवं. भाऊजी लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत आहेत, त्यामुळे ज्याला वायर आहे त्यातलं सगळं आपल्याला कळतं, अशी त्यांची ठाम समजूत.

मग सुरू झाली निवड. मुलीसाठी स्थळ बघतानाही लोक इतका खल करत नाहीत. दोघे भाऊ सोफ्यावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे. गार, गरम आणि साधं, तिन्ही हवं. बाटली उलटी ठेवायची की नळाला जोडायचं? गाळण्या किती? दिवा कुठल्या रंगाचा? दिव्याच्या रंगावरून एक आख्खी संध्याकाळ वाद झाला. आणि घरात सगळ्यांत जास्त पाणी पिणारी बाई त्याच खोलीत भाजी निवडत बसली होती. तिला एका शब्दाने कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, ‘‘अरे, आईंना विचारा ना.’’ तर नवरा म्हणाला, ‘‘आईला काय, पाण्याशी कारण.’’

खरं सांगायचं तर मशीन वाईट नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं, पांढरंशुभ्र, निळ्या दिव्याचं. नळाखालची पट्टी पेल्याने ढकलली की पाणी पडायचं. आईंना ते फार आवडलं. गार पाण्याचा पेला घेऊन खिडकीत बसायच्या आणि म्हणायच्या, ‘‘दुकानात हे असतं तर मी आणखी दहा वर्षं उभी राहिले असते.’’ भाऊजींनी खुशीत येऊन जुना फिल्टर स्वतः नेऊन भंगारात घातला. कुठलंही काम न सांगता करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. आमची चिमी नुकती पळायला लागली होती. तिने बाहुलीचा कप लावून पट्टी ढकलली आणि स्वयंपाकघराचा तलाव केला. शेजारीच गरम पाण्याचा नळ, म्हणून मी आधी तिला उचलून लांब नेलं. दोन दिवसांनी आईंनी पातेलं नळाखाली ठेवलं, पट्टीत चमचा अडकवला आणि फोन घ्यायला गेल्या. ते भरून वाहिलं. नवरा कामावरून दमून आला होता, तो ओल्या फरशीवर घसरता घसरता वाचला. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, ‘‘चिमी आणि आई सारख्याच. दोघींनाही कुलूप घालायला हवं. हे पाणी गाळून येतं आई, फुकट नाही येत.’’ आम्ही हसलो. आईही हसल्या.

रविवारी भाऊजी आले आणि मशीनला कुलूप लावून गेले. कुलूप गरम पाण्यापुरतं लागतं, पण अतिशहाण्याला थोडक्यात समाधान कुठलं? यांनी तिन्ही नळांना लावलं. आता वरच्या काचेवर कुलपाची खूण होती, तिच्यावर बोट धरून ठेवायचं, टिंग वाजून हिरवा दिवा लागला की मगच पट्टी ढकलायची. बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या आईंना त्यांनी ओरडून सांगितलं, ‘‘आई, आता हे कुणालाही पाणी देणार नाही हं! बोट बघूनच देणार!’’

इथे भाऊजींच्या घराच्या दाराबद्दल सांगायला हवं. त्यांच्या नव्या घराला किल्ली नाही. दार बोटाने उघडतं, पण ज्यांची बोटं आधी त्यात नोंदवली आहेत त्यांच्याच. घर घेतलं तेव्हा त्यांनी बायकोचं बोट घातलं, तिच्या आईवडिलांचं घातलं, आमचंही घातलं. आईंचं बोट काही केल्या उमटेना. अंगठा झाला, डावा हात झाला. शेवटी भाऊजी म्हणाले, ‘‘राहू दे, आई एकटी कुठे येणार आहे?’’ पुढे एकदा आई एकट्या गेल्या. धाकट्या सुनेला बरं नव्हतं म्हणून डबा घेऊन गेल्या, तर ती औषध घेऊन झोपलेली. घंटा वाजवून वाजवून आई जिन्यात बसून राहिल्या. घरी आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘‘जिने फार आहेत गं तिकडे.’’

कुलूप लागलं आणि घर आपापल्या कामाला लागलं. मी दातांच्या दवाखान्यात काम करते. सकाळी चिमीला पाळणाघरात सोडायचं, डबे भरायचे, पळायचं. संध्याकाळी जेवायला बसताना मी सगळ्यांचे पेले भरून ठेवायची, आई ते पाणी प्यायच्या. मधल्या सगळ्या दिवसात त्या घरात एकट्या असायच्या.

पुढच्या महिन्यात त्यांना ताप भरला. लघवीला जळजळ, अंगात त्राण नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि दुकान उघडलंस का म्हणून विचारलं. आम्ही तिघांनी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली आणि आमच्याकडे वळल्या. ‘‘ह्या पाणीच पीत नाहीत का? शरीर पार कोरडं पडलंय. मूत्रपिंडाला हे झेपणार नाही. पुन्हा असं झालं तर थेट दाखल करावं लागेल, आणि या वयात मी कसलीही खात्री देणार नाही.’’

बाहेर पडल्यापासून दोन्ही मुलांनी आईंना फैलावर घेतलं. ‘‘घरात एवढं महागाचं मशीन आणलं, आणि तू पाणी पीत नाहीस?’’ ‘‘आई, हा हट्ट आहे तुझा.’’ आई गाडीत खिडकीबाहेर बघत होत्या. भाऊजींनी आईंच्या मोबाईलमध्ये गजर लावून दिला. थोड्या थोड्या वेळाने त्यातून एक बाई गोड आवाजात म्हणायची, ‘‘पाणी प्या.’’ उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. ऑफिसातून नवऱ्याचा फोन, ‘‘आई, प्यायलीस का?’’ आई म्हणायच्या, ‘‘हो.’’ मी रोज निघताना त्यांना बजावायची, ‘‘आई, पाणी पीत राहा हं.’’ आणि दार ओढून घ्यायची.

एक दिवस दवाखान्यातलं मशीन बिघडलं आणि मी दुपारीच घरी आले. आई मशीनसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. एका हातात रिकामा पेला, दुसऱ्या हाताचं बोट काचेवर. ते बोट त्यांनी टॉवेलला पुसलं, कोरडं केलं, पुन्हा धरलं. काही नाही. मधलं बोट धरलं, मग अंगठा. टेबलावरून मोबाईल बोलला, ‘‘पाणी प्या.’’

आई वळूनही न बघता त्याला म्हणाल्या, ‘‘पिते ना बाई. देतंय कोण?’’

मी पिशवी खाली टाकली. पुढे होऊन बोट धरलं, टिंग झालं, पेला भरून त्यांना दिला. त्यांनी तो उभ्या उभ्याच संपवला. दुसराही संपवला. ओठ सुकून भेगाळले होते, हे मला तेव्हा दिसलं.

‘‘कधीपासून हे?’’

‘‘कुलूप घातलं तेव्हापासून.’’

‘‘आणि तुम्ही बोलला नाहीत? डॉक्टर काय म्हणाल्या ते ऐकलंत ना?’’

आई टॉवेलची घडी घालत होत्या, कडेला कड लावून, दुकानात घालायच्या तशी. ‘‘काय बोलायचं? माझ्या हातून पाणी सांडतं. मुलांनी विचार करूनच केलं असेल.’’

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘आई, तुम्हाला वाटलं की त्यांनी तुमचं बोट मुद्दाम यात घातलं नाही?’’

‘‘त्या दाराला तरी कुठे घातलं?’’ त्या म्हणाल्या.

मी दोघांनाही फोन लावला. आत्ताच्या आत्ता घरी या. नवऱ्याने विचारलं, काय झालं, मी म्हटलं ये. भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, मीटिंग आहे.’’ मी म्हटलं, ‘‘मीटिंग गेली खड्ड्यात.’’ लग्न झाल्यापासून त्यांच्याशी मी कधी अशी बोलले नव्हते, म्हणूनच बहुतेक ते धावत आले.

भाऊजींनी आल्या आल्या खुणेवर बोट ठेवलं. टिंग. ‘‘चालू आहे की, वहिनी!’’ मी म्हटलं, ‘‘आईंचं बोट धरून बघा.’’ त्यांनी आईंचं बोट धरलं आणि काचेवर ठेवलं. काहीच नाही. पुन्हा ठेवलं. मग ते विचारात पडले, आईंना बेसिनशी नेऊन त्यांचं बोट ओलं केलं आणि परत काचेवर टेकवलं. टिंग. हिरवा दिवा.

‘‘हात्तिच्या! एवढंच होय!’’ भाऊजी मोठ्याने हसले. ‘‘अगं आई, इस्त्रीने बोटं कडक झालीत तुझी. कुणाचंही बोट चालतं याला, पण असं कोरडं लावलंस तर कळतच नाही की माणसाचं बोट आहे. जरा ओलं करायचं, बस.’’ नवऱ्यानेही सुटकेचा श्वास सोडला. ‘‘आणि या बाईसाहेब साप साप म्हणून भुई धोपटत होत्या,’’ असं तो माझ्याकडे बघून म्हणाला.

माझ्या डोक्यात सणक गेली. ‘‘हसू नका. हसू नका दोघेही. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांचं पाणी बंद केलंत.’’

भाऊजींचं हसू अर्ध्यावर थांबलं. ‘‘काहीतरीच काय! आई, आम्ही तुझं पाणी बंद करू? असं वाटलंच कसं तुला?’’

मी तोंड उघडलं होतं. महिनाभराचा राग जिभेवर होता, दोघांनाही सोलून काढणार होते. पण आईच बोलल्या, आणि अगदी शांतपणे. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

‘‘पहिल्यांदा नाही वाटलं. पहिल्यांदा वाटलं, बिघडलंय. पण तुम्ही सगळे पीत होतात. मग वाटलं, माझं बोट घालायचं राहून गेलं असेल. आठवलं की घालतील. मी वाट बघितली. बरेच दिवस बघितली रे. मग वाटलं, नसेल घालायचं.’’

‘‘पण आई,’’ नवरा म्हणाला, ‘‘आम्ही तर दिवसभर तुला पाणी पी, पाणी पी म्हणत होतो ना!’’

‘‘म्हणत होतात,’’ आई म्हणाल्या. ‘‘भरून कुणी ठेवलं नाही.’’

भाऊजींनी आईंचं ओलं बोट अजून हातात धरलं होतं. आणि रोज दार ओढून घेणारी तर मीच होते. पट्टी कुणी ढकललीच नाही, तेव्हा हिरवा दिवा विझला आणि मशीनने आपलं आपण कुलूप लावून घेतलं.