चार प्रोसेसर आणि एक तारीख

ऐंशीच्या दशकात नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला मी चार प्रोसेसरांचं यंत्र बांधून दिलं. डिग्री नव्हती, रेडिओ दुरुस्त करत वर आलो होतो. विभागप्रमुखांशी पुष्कळ घासाघीस केली, पण एका अटीवरून हललो नाही: दिल्लीहून पाहुणे आले की यंत्र कोणी बनवलं ते माझं नाव घेऊन सांगायचं.

प्रोग्रॅम विभागप्रमुख सरांचा, तर्काच्या भाषेतला. आपण नियम सांगायचे, प्रश्न विचारायचा, उत्तर यंत्रानं शोधायचं. प्रश्न होता तोंडी परीक्षेच्या तारखेचा: त्या दिवशी चार हॉलांपैकी एखादा मोकळा हवा, परीक्षकही. एका प्रोसेसरवर उत्तर उशिरा येई, पण बरोबर. हॉल एकाकडे, परीक्षक दुसऱ्याकडे असं काम वाटून दिलं की झटकन येई, पण दर वेळी वेगळं आणि चूक.

पाहुणे यायच्या सकाळीही तेच. ओलाव्यानं यंत्रातली कार्डं, प्रत्येकावर एक प्रोसेसर, बिघडू नयेत म्हणून कूलर कोरडाच चालला होता. मी खोलीत येरझारा घालत होतो.

"तुझ्या कार्डांत खोट आहे," सर म्हणाले.

"कार्डाले काहून दोष देऊन राहिले, सर? बहिणीच्या लग्नात मी हॉल ठरवाले गेलो अन् मामा बँडवाल्याकडे, एकाच वेळी. मी सोमवार धरला, मामानं गुरुवार. मग खोट हॉलात होती का बँडात?"

"म्हणजे एकानं थांबायचं? मग चार प्रोसेसर कशाला?"

"चौघांले चार हॉल वाटून द्या. ज्याच्याकडे जो हॉल, त्यानंच तो मोकळा असंल त्या तारखेले परीक्षक पाहावा."

"तू वायरी पाहा. तर्क आम्ही पाहू."

माझं डोकं फिरलं. यंत्र बंद केलं, तीन कार्डं उपसली आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

पाहुण्यांसमोर यंत्र एकाच प्रोसेसरवर चाललं. दाराआडून सरांचा आवाज आला. त्यांनी माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, यांची कार्डं सदोष निघाली.

मी आत शिरलो, कार्डं टेबलावर ठेवली. "दहा मिनिटं द्या. मी दाखवतो."

पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "चहा तयार आहे," आणि बाहेर पडताना त्यांनी मेन स्विच खाली केला.