भय नावाचा चंद्र

शांता गेल्याची बातमी मला शाळेच्या शिपायाने वर्गाच्या दारात दिली. मी फळ्यावर समास सोडवत होते. खडू हातातच राहिला. इर्विन दवाखान्यात पोचले तेव्हा तिला चादरीत गुंडाळून झालं होतं. कावीळ उलटली होती... त्यानंतरच्या महिन्याभरात अमरावतीत तिच्या दोन शोकसभा झाल्या आणि दोन्हीकडे वक्ते तेच बोलले. शांताबाई क्षमाशील होत्या, त्यांच्या मनात कुणाविषयी किल्मिष नव्हतं. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि मला संताप येत होता. तेरा-चौदा वर्षं शांताने एक राग जपला, वाढवला, आणि वेळ आली तेव्हा तो पुरा वापरला. तिच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तीच होती. तीच पुसून टाकायची असेल, तर मग श्रद्धांजली कुणाला वाहायची?

आम्ही भेटलो अमरावतीच्या मुलींच्या वसतिगृहात. ती बाळापूरची, काळ्या मातीतल्या कास्तकाराची मुलगी. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. ती इंटर सायन्सला होती तेव्हा अकोल्याच्या एका नामांकित वकिलांच्या घरी तिचं लग्न ठरलं. साखरपुडा झाला. नंतर महिन्याभराने वकिलांच्या विश्वासातले शास्त्रीबुवा म्हणाले, मुलीच्या सप्तमात मंगळ आहे, नवरा वर्ष काढणार नाही. लग्न मोडलं. त्याच हंगामात वकिलांच्या मुलाचं नागपूरच्या मोठ्या घरी लग्न लागलंसुद्धा. शांता त्यावर एकदाही रडली नाही. म्हणाली, "बरं झालं. आता बी.एस्सी. करता येते मले."

पण तिचे वडील, आबा, घाबरले होते. त्यांनी धाकटीची पत्रिकाही त्याच शास्त्रीबुवांपुढे ठेवली. धाकटी सुमी, शाळेतली पोर, पाटीवर मोर काढणारी. बुवांनी तिच्याही पत्रिकेत मंगळ दाखवला. मंगळाच्या मुलीला मंगळाचाच नवरा, म्हणून सुमीला पंचेचाळिशीच्या एका बिजवराला दिली. दोन पावसाळे गेले आणि सुमी तापाने फणफणली. सासरच्यांनी पुन्हा बुवांनाच विचारलं. ते म्हणाले, ग्रहमान कडक आहे, अमावास्या टळू द्या, मग दवाखान्याचं बघा. अमावास्येच्या आधीच सुमी गेली. तेराव्याला बुवा आले आणि आबांसमोर म्हणाले, "तिचा मंगळ तिलाच भोवला."

शांता दारामागे उभी होती. वसतिगृहात परत आल्यावर तिने मला विचारलं, "तुमच्या घरी पत्रिका हाये काय?" मी सांगितलं, छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरहून दीक्षा घेऊन आलो आणि दुसऱ्याच दिवशी बाबांनी सगळ्या पत्रिका चुलीत घातल्या. तिने ट्रंक पलंगाखाली ढकलली. मग म्हणाली, "तुमी सुटल्या. मी असा नाई सोडत त्याले."

पुढे आम्ही एकाच शाळेत लागलो, मी मराठीला, ती सायन्सला. मुलींना मंगळ शिकवताना ती वेगळीच दिसायची. सांगायची, मंगळाला दोन चंद्र आहेत, दोन्ही चिमुकले. एकाचं नाव ग्रीक भाषेत भय आणि दुसऱ्याचं धास्ती. भय हा जवळचा; तो इतका घाईत असतो की मंगळाच्या एका दिवसात तीन फेऱ्या मारतो आणि पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. मुली हसायच्या. शांता हसायची नाही.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांत आलं की हा भय नावाचा चंद्र आतून पोकळ असावा, कुणीतरी बांधून सोडलेला असावा, असं परदेशातल्या एका विद्वानाला वाटतं. झालं! शास्त्रीबुवांनी अकोल्यात व्याख्यान दिलं. मंगळावर बुद्धिमान शक्ती आहेत हे आता विज्ञानानेच मान्य केलं, आपल्या पूर्वजांना ते ठाऊक होतं. टाळ्या पडल्या. त्यांच्या ओट्यावरची गर्दी दुप्पट झाली. शांताने ते कात्रण माझ्यासमोर फाडलं. "थांब," म्हणाली. "एक दिवस याचा फोटो येईन."

यानांनी आधी नुसत्या मंगळाचे फोटो पाठवले, खड्ड्याखड्ड्यांचे. मग ज्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला, त्याच वर्षी मंगळाजवळून आणखी दोन यानं गेली. त्यातल्या एकाच्या फोटोत मंगळाच्या अंगावर एक काळा, लांबट ठिपका सापडला. तो भय होता. हिवाळ्यात एका परदेशी मासिकात शांताला तो दिसला आणि ती मासिक घेऊन धावतच शिक्षकांच्या खोलीत आली. "पाह्य, कमल, पाह्य! बटाटा हाये हा. अकोल्याहून बाळापूरपर्यंत पुरणार नाई एवढासा दगड!" इतकी आनंदात मी तिला त्यापूर्वी पाहिली नव्हती, नंतरही नाही.

तो फोटो तिने वर्गात फिरवला तेव्हा वीणा नावाची मॅट्रिकची मुलगी पटकन म्हणाली, "बाई, माझ्या पत्रिकेतला मंगळ आजोबांनी हलवला." वीणा त्या शास्त्रीबुवांचीच नात, शिकायला अमरावतीत मावशीकडे राहायची. तिने मोकळेपणाने सांगून टाकलं की खऱ्या जन्मवेळेला तिचा मंगळ सप्तमात येत होता, म्हणून आजोबांनी वेळ दोन तास पुढे सरकवली, मंगळ सहाव्या घरात गेला. आता लग्न अडणार नाही. पोरीला ती गंमत वाटत होती.

त्याच रविवारी शांता मला घेऊन अकोल्याला गेली. मोर्णा नदीचा पूल ओलांडून आम्ही बुवांच्या घरी पोचलो तेव्हा दुपार होती आणि ते एकटेच झोपाळ्यावर होते. तिने ओळख दिली नाही, थेट विचारलं, "वीणाचा मंगळ सरकवता येतो, तर माझा काहून नाई आला?"

त्यांनी आढेवेढे घेतले. मग वीणाच्या जन्मवेळेचा तपशील तिने सांगितला, आपल्या मोडलेल्या लग्नाचं सांगितलं आणि ते झोपाळ्यावरून पाय खाली सोडून बसले. "तुझ्या पत्रिकेत मंगळ नव्हताच," ते म्हणाले. "वकीलसाहेबांना ते लग्न मोडायचं होतं."

"आन् सुमीच्या?"

"तुझे वडील आले... एकीच्या बाबतीत बोलून चुकलो होतो. दुसरी निर्दोष सांगितली असती तर त्यांनी पहिलीची पत्रिका पुन्हा दुसऱ्या कुणाला तरी दाखवली असती."

मला वाटलं ती त्यांच्या अंगावर धावून जाईल. ती शांत होती. म्हणाली, पुढच्या रविवारी अकोल्याच्या वाचनालयात माझं मंगळाच्या चंद्रांवर भाषण आहे. तुम्ही यायचं आणि हे सगळं तिथे उभं राहून सांगायचं. नाही आलात, तर वीणाचं मी सांगेन.

"मी म्हातारा माणूस आहे, बाई."

"सुमी म्हातारी नाई झाली."

ते आले. सभागृह भरलं होतं. अध्यक्ष होते वकिलांचे चिरंजीव, ज्यांच्याशी तिचं लग्न मोडलं तेच. वडिलांमागे आता तेही मोठे वकील झाले होते. आणि पहिल्या रांगेत, बाळापूरहून मुद्दाम बोलावून आणलेले आबा. मला ते ठाऊक नव्हतं. शांताने पडद्यावर फोटो टाकला, ठिपका काठीने दाखवला, दगड आहे म्हणून सांगितलं आणि काठी खाली ठेवून म्हणाली, "आता बुवा बोलतील." बुवा बोलले. सगळं बोलले. वकीलसाहेबांचं नाव घेतलं, सुमीचं घेतलं. अध्यक्ष मध्येच उठून गेले. माझी नजर आबांवर होती. टोपी मांडीवर काढून ठेवून ते पडद्याकडेच बघत होते, जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत मी तिला म्हणाले, आबांना तरी वगळायचं होतंस. ती म्हणाली, "सुमीले दिलं कोनं? बुवानं? बुवानं फक्त सांगितलं." मग मी विचारलं, बुवा आले नसते तर तू खरंच वीणाचं नाव घेतलं असतंस? त्या पोरीचं काय चुकलं होतं? शांताने खिडकीबाहेर पाहिलं. "घेतलं असतं," म्हणाली.

बुवांचा ओटा त्यानंतर ओस पडला. वीणाचं काही बिघडलं नाही. ती कॉलेजात आहे. आबांकडे शांता परत गेली नाही. तिच्या आजारात आबांचे दोन निरोप आले, तिने उत्तर दिलं नाही. आणि मी तिला समजावलं नाही. माझ्या मते ती बरोबर होती, आजही आहे.

गेल्या आठवड्यात मी बाळापूरला गेले. आबा ओसरीवर बसले होते, खूप वाळलेले. शांताच्या आजाराचं विचारलं, शेवटी काय खात होती ते विचारलं. मग म्हणाले, "पोरी, तिनं मले माफ केलं होतं काय?"

केलं होतं, एवढंच म्हणायचं होतं. कुणीही म्हणालं असतं.

"नाही, आबा."

त्यांनी मान हलवली. "मले वाटलंच," म्हणाले. मग उठले, आत सुनेला हाक मारली, म्हणाले, "भाकर टाकाले सांगतो. जेवून जा."

बस आहे म्हणून मी निघाले. बसला अजून दोन तास होते.