एरर आला नाही, म्हणूनच थांबवलं

मंडळी, आज ऑफिसात मी हट्टाला पेटले.

कोळसा खाणीतल्या यंत्रांचे आराखडे जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात आणायचं आमचं काम. त्यासाठी आम्ही नियम लिहितो. जुन्यात मोटर दिसली की नियम नव्यात मोटर मांडतो, पट्टा दिसला की पट्टा.

आज खाणीकडे पाठवायच्या आधी मी नवा आराखडा उघडला. कोळसा वाहणारा पट्टा होता, पण त्याला तातडीने थांबवणाऱ्या बटणाचा दुवा रिकामा! बटण दुसऱ्या विभागाच्या फाइलीत आहे, आणि आमचा नियम आपल्या फाइलीबाहेर जाणारा प्रत्येक दुवा गुपचूप सोडून देत होता.

टीम लीड विवेकभाऊ म्हणाले, "काहून थांबवून राहिली वं? एकही एरर नाही ना!"

"म्हणूनच थांबवून राहिली, भाऊ. एरर आला असता तर तुम्हीच थांबवलं असतं."

"पण ते बटण आपलं नाही."

"पट्टा तर आपला आहे ना? त्याले थांबवणारं तेच आहे."

मग मी नियमच बदलला. बाहेरचा दुवा जपायचा, आणि ती वस्तू सापडली नाही तर काम तिथंच अडवायचं. आता एररनी स्क्रीन लालभडक आहे. त्या विभागाची फाइल मागवलीय. ती येईपर्यंत आराखडा जाणार नाही, कोणी कितीही चिडो.

माझा मामेभाऊ उमरेडकडे अशाच पट्ट्याजवळ ड्युटी करतो. बटण दाबताना ते कोणाच्या फाइलीत होतं, हे तो विचारत बसणार नाही.

तुम्ही पाठवलं असतं?